सिंप्सन कुटुंब : एका उपहासाचें आयुष्य

इतिहासाच्या अभ्यासकानें दप्तरें चाळावीं, ताम्रपट वाचावे, तहांच्या कलमांचा कीस काढावा. मुलांचा खेळ म्हणून समजल्या जाणाऱ्या पिवळ्या रंगाच्या हालत्या चित्रांकडे त्यानें कशासाठीं वळावें, असा प्रश्न हा मथळा पाहतांच आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील. प्रश्न वाजवी आहे. परंतु एखादें राष्ट्र कोणापुढें मान लववीत होतें हें जसें त्याच्या शिलालेखांवरून कळतें, तसें तें कोणाला हंसत होतें हें त्याच्या विनोदावरून कळतें. आणि पुष्कळदां हा दुसरा पुरावा पहिल्याहून अधिक प्रामाणिक ठरतो. पेलोपोनेशियन युद्धकाळच्या अथेन्सविषयीं थ्युसिडिडीस जें सांगत नाहीं, तें ॲरिस्टोफेनिसच्या प्रहसनांत सांपडतें. अठराव्या शतकांतील लंडनच्या गल्ल्या, तुरुंग आणि निवडणुकी पाहावयाच्या असतील तर होगार्थचीं चित्रें पुढें घ्यावीं लागतात. विसाव्या शतकाच्या अखेरीच्या अमेरिकेविषयीं असा पुरावा कोणीं मागितला, तर जी कृति प्रथम पुढें करावी लागेल ती म्हणजे 'द सिंप्सन्स' ही दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिका होय.

उपहासाचें आयुष्य सामान्यतः थोडें असतें. ज्या प्रधानावर कवन रचलें तो पदच्युत झाला कीं कवनहि विस्मृतींत जातें. ही मालिका मात्र १९८९ सालीं सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. तिच्या भागांची संख्या आठशेंच्या घरांत गेली असून, २०२५ सालीं तिला चाळिसाव्या हंगामापर्यंत मुदतवाढ मिळाली आहे. इतकीं वर्षें चालणाऱ्या उपहासाचें शेवटीं काय होतें, हा या लेखाचा प्रश्न आहे. आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, दीर्घकाळ टिकणारा उपहास स्वतःच एक सत्ता बनतो; आणि मग त्याच्या हंसण्यानें दुखावलेल्या दुर्बळाचें म्हणणें तो कसें ऐकून घेतो, यावरून त्याची परीक्षा होते. हें पटवून देण्यासाठीं या कुटुंबाची हकीगत मुळापासून सांगणें भाग आहे.

अमेरिकेंत दूरचित्रवाणी घरोघर पोंचली ती १९५० नंतरच्या दशकांत. त्या काळच्या कौटुंबिक मालिकांतील घर ठराविक असे. कामावरून परत येऊन मुलांच्या तंट्यांचा शांतपणें निवाडा करणारा पिता, सदैव प्रसन्न माता, आणि अर्ध्या तासाच्या आंत पश्चात्ताप पावणारीं मुलें. १९५४ पासून १९६० पर्यंत दाखविल्या गेलेल्या 'फादर नोज बेस्ट' या मालिकेच्या नांवाचा अर्थच 'खरें काय तें वडिलांसच कळतें' असा होता. आणि तिच्यांतील कुटुंब स्प्रिंगफील्ड नांवाच्या गांवीं राहत असे. ती मालिका पाहत लहानाचे मोठे झालेल्या मुलांत मॅट ग्रेनिंग हे एक होते. त्यांचा जन्म १९५४ सालींच ओरेगन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं झाला. त्या संस्थानांतहि स्प्रिंगफील्ड नांवाचें एक गांव आहे, आणि मालिकेंतील गांव तेंच अशी त्यांची बालपणीं समजूत होती. पुढें आपल्या चित्रकुटुंबाला त्यांनीं राहावयास दिलें तें गांवहि स्प्रिंगफील्डच. अमेरिकेंत या नांवाचीं अनेक गांवें आहेत; त्यामुळें तें कोणा एका प्रांताचें न राहतां सगळ्या देशाचें झालें.

रात्रीच्या मुख्य वेळेंत, वडील माणसांनींहि पाहावें असें व्यंगचित्र दाखविण्याचा प्रयोग १९६० ते १९६६ या काळांत 'द फ्लिंटस्टोन्स' या मालिकेनें केला होता. तिचे १६६ भाग झाले. त्यानंतर मात्र व्यंगचित्र म्हणजे सुट्टीच्या दिवशीं सकाळीं मुलांस गुंतवून ठेवण्याचें साधन, अशी समजूत दृढ झाली. ग्रेनिंग हे लॉस एंजेलिस शहरीं १९७७ पासून 'लाइफ इन हेल' नांवाची सशांची चित्रमाला काढीत असत. ती पाहून जेम्स ब्रुक्स या निर्मात्यानें त्यांस बोलावणें धाडलें. आपले ससे दिले तर त्यांवरील हक्क गमवावा लागेल, ही गोष्ट बाहेरच्या दालनांत वाट पाहत असतां ध्यानांत आली, आणि तेथेंच बसून घाईघाईनें आपण दुसरें एक कुटुंब कागदावर उतरविलें, असें ग्रेनिंग सांगत आले आहेत. नांवें शोधावयास वेळ नव्हता. म्हणून वडिलांचें होमर, आईच्या मार्गरेट या नांवावरून मार्ज, आणि बहिणींचीं लिसा व मॅगी हीं घरचींच नांवें त्यांनीं देऊन टाकलीं. स्वतःच्या जागीं मात्र बार्ट हें नांव घातलें. द्वाड पोर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीं अक्षरें फिरवून तें तयार होतें.

१९ एप्रिल १९८७ रोजीं ट्रेसी उल्मन या नटीच्या कार्यक्रमांत हें कुटुंब प्रथम दिसलें. दुसऱ्या दोन प्रवेशांमधील जागा भरून काढणारे ते इवलेसे तुकडे होते. असे ४८ तुकडे झाले. पुढें अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका करण्याचें ठरलें. चित्रें रंगवून घेण्याचें काम दक्षिण कोरियांतील कारागिरांकडे होतें; परंतु तिकडून आलेला पहिला भाग ब्रुक्स यांस इतका नापसंत पडला कीं, त्याचा बराचसा अंश पुन्हां करावा लागला. म्हणून १७ डिसेंबर १९८९ रोजीं प्रथम दाखविला गेला तो नाताळचा भाग. त्यांत होमरला वार्षिक बक्षिसी मिळत नाहीं, कुत्र्यांच्या शर्यतींत लावलेले पैसेहि बुडतात, आणि शेवटीं हरलेला कुत्राच तो घरीं घेऊन येतो. ही मालिका जिच्यावरून दिसली ती फॉक्स कंपनी १९८६ सालीं निघालेली, तीन जुन्या बलाढ्य कंपन्यांपुढें अगदींच नवखी होती. तिला गिऱ्हाइकाची गरज होती. त्यामुळें मालिकेच्या मजकुरांत कंपनीनें ढवळाढवळ करूं नये अशी अट ब्रुक्स यांस पदरांत पाडून घेतां आली. पुढील सर्व धाडसाचें मूळ या एका अटींत आहे.

आतां या कुटुंबाकडे वळूं. होमर सिंप्सन हा अणुवीजकेंद्रांत सुरक्षानिरीक्षक आहे, व त्या केंद्राला मोठा धोका आहे तो त्याचाच. आळशी, खादाड, बिअरचा शोकी, क्षणांत संतापणारा व क्षणांत विसरणारा असा हा गृहस्थ. त्याची पत्नी मार्ज हिचे उंच निळे केस जितके विलक्षण तितकी तिची वृत्ति सरळ. घराची नीति तिच्या जिवावर चालते. दहा वर्षांचा बार्ट शाळेचा हाडवैरी. आठ वर्षांची लिसा बुद्धिमान, सॅक्सोफोन वाजविणारी, सत्याचा हट्ट धरणारी. धाकटी मॅगी तोंडांत चोखणी धरून सगळें मुकाट्यानें पाहत असते. घराबाहेर पडावें तर वीजकेंद्राचा अतिवृद्ध व अतिलोभी मालक बर्न्स, लाचखाऊ नगराध्यक्ष क्विंबी, खाण्यांत मग्न असलेला पोलिसांचा मुख्य विगम, स्वतःच्याच प्रवचनास कंटाळलेला धर्मोपदेशक लव्हजॉय, आईच्या धाकांतला मुख्याध्यापक स्किनर! समाजाचा एकहि खांब असा नाहीं कीं ज्यास या मालिकेनें हलवून पाहिलें नाहीं.

तथापि ही निव्वळ टवाळी नव्हे. ११ मार्च १९९३ च्या भागांत बर्न्स कामगारांच्या करारांतून दांतांच्या औषधोपचाराचें कलम काढून टाकतो व मोबदला म्हणून बिअरचें एक पिंप देऊं करतो. सभेंत पिंपाकडे धांव घेणाऱ्या कामगारांत होमरहि असतो. इतक्यांत त्याला आठवतें कीं लिसाच्या दांतांस तार बसवावयाची आहे, आणि तिचे पैसे आतां आपल्यालाच भरावे लागणार. त्या एका आठवणीनें हा मठ्ठ माणूस संपाचा पुढारी होतो. कामगारचळवळीवर पुष्कळ ग्रंथ झाले आहेत. परंतु सामान्य माणूस तत्त्वासाठीं नव्हे तर मुलीच्या दांतांसाठीं कसा उभा राहतो, आणि त्यानेंहि कार्य कसें होतें, हें इतक्या थोडक्यांत दाखविलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

अशा मालिकेवर प्रतिष्ठितांची गैरमर्जी व्हावी यांत नवल नव्हतें. १९९० सालीं बार्टचें चित्र व अभ्यासांत मागें असल्याचा अभिमान मिरविणारें वाक्य छापलेले सदरे मुलें घालूं लागलीं, तेव्हां कित्येक शाळांनीं त्यांस बंदी केली. त्याच वर्षीं फॉक्सनें ही मालिका गुरुवारीं रात्रीं, म्हणजे बिल कॉस्बी यांच्या अत्यंत लोकप्रिय व सुसंस्कृत कौटुंबिक मालिकेच्या वेळींच दाखवावयास सुरुवात केली. आदर्श पिता व नादान पिता यांचा दर आठवड्याला सामना होऊं लागला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनीं, इतका मूर्खपणा आपण कधीं पाहिला नाहीं, अशा अर्थाचे उद्गार एका मासिकाच्या मुलाखतींत काढले. मालिकेच्या लेखकांनीं मार्जच्या नांवानें त्यांस एक सौम्य पत्र लिहिलें, आणि बार्बराबाईंनीं मोकळ्या मनानें त्यास उत्तर देऊन क्षमा मागितली. त्यांचे पति तितक्यावर थांबले नाहींत. २७ जानेवारी १९९२ रोजीं धार्मिक प्रसारकांच्या सभेंत थोरले जॉर्ज बुश यांनीं, अमेरिकन कुटुंबें सिंप्सनांसारखीं न होतां वॉल्टनांसारखीं व्हावीं, असें सांगितलें. वॉल्टन हें १९३० च्या दशकांतील मंदीच्या काळांत सचोटीनें जगणाऱ्या खेड्यांतील कुटुंबाविषयींच्या एका मालिकेंतील घराणें होय. तीन दिवसांच्या आंत, जुन्या भागाच्या आरंभीं एक नवा तुकडा जोडून, बार्टनें उत्तर दिलें: आम्हीहि वॉल्टनांसारखेच आहों, मंदी केव्हां संपेल म्हणून प्रार्थना करीत बसलों आहों! त्या वर्षीं अमेरिकेंत खरोखरच बेकारी वाढली होती, म्हणून तो टोला वर्मीं लागला. एका बाजूस जगांतील सर्वांत बलाढ्य पुरुष आणि दुसऱ्या बाजूस दहा वर्षांचें चित्रांतलें पोर, असा तो सामना होता. उपहासाचें तेज अशा वेळीं दिसतें.

इतिहासाच्या अध्यापकास या मालिकेंतील ज्या भागाचें विशेष अगत्य वाटावें, तो १८ फेब्रुवारी १९९६ रोजीं दाखविला गेला. स्प्रिंगफील्ड गांवाला दोनशें वर्षें पूर्ण होत आहेत. जेबडाया स्प्रिंगफील्ड हा गांवाचा संस्थापक. चौकांत त्याचा पुतळा आहे. उत्सवासाठीं निबंध लिहावयाचा म्हणून लिसा ऐतिहासिक संग्रहालयांत जाते, आणि तेथील एका जुन्या बासरीच्या पोकळींत तिला जेबडायाच्या हातचा कबुलीजबाब सांपडतो. हा थोर पुरुष मूळचा हान्स स्प्रुंगफेल्ड नांवाचा चांचा असून त्यानें जॉर्ज वॉशिंग्टनचा प्राण घेण्याचाहि प्रयत्न केला होता! संग्रहालयाचा व्यवस्थापक पुरावा दडवितो, शिक्षिका रागावते, गांव तिच्यावर उलटतें. शेवटीं सत्य सिद्ध होतें आणि लिसा तें बोलावयास व्यासपीठावर चढते. पण समोरचे उत्साहानें फुललेले चेहरे पाहून तिचे शब्द ओठांतच राहतात. जेबडायाच्या कथेनें या माणसांतील चांगुलपणा जागा केला आहे, एवढें म्हणून ती खालीं उतरते.

हा भाग आम्हीं विद्यार्थ्यांस अनेकदां सांगितला आहे, आणि लिसानें केलें तें योग्य कीं अयोग्य, यावर वर्गांत दरवेळीं दोन तट पडले आहेत. आमचें स्वतःचें मत तिच्याविरुद्ध आहे. खोट्या कथेनें जागा झालेला चांगुलपणा खऱ्या कथेनें मरतो असें समजणें हा लोकांचा अपमान आहे. परंतु लेखकांनीं हा प्रश्न सोडविल्याचा आव आणला नाहीं, हें त्यांचें मोठेपण. सत्य कळलें असूनहि गप्प राहणारी लिसा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिची पुढें आणखी एकदां गांठ पडणार आहे.

या कुटुंबाची खरी विलक्षणता त्याच्या काळाशीं असलेल्या नात्यांत आहे. बार्ट १९८९ सालीं दहा वर्षांचा होता व आजहि तितकाच आहे. वर्तमानकाळ पुढें सरकतो आणि वयें मात्र स्थिर, म्हणून भूतकाळाला त्यांच्यामागून फरफटत यावें लागतें. १९९१ सालच्या एका भागांत होमर व मार्ज यांची भेट १९७४ सालीं शाळेंत झाल्याचें सांगितलें होतें. २००८ सालच्या भागांत त्यांचें तारुण्य उचलून १९९० नंतरच्या दशकांत नेऊन ठेवलें. ज्यांस वर्तमान टिकवून धरावयाचें असतें त्यांस इतिहास वारंवार नव्यानें लिहावा लागतो, हें सूत्र राज्यांप्रमाणें चित्रकुटुंबासहि लागू पडतें.

परंतु एक वस्तु अशी होती कीं जी न हालल्यामुळेंच मोठा पुरावा बनली. ती म्हणजे त्यांचें घर. शाळेपलीकडे न शिकलेला एक कामगार, एकट्याच्या पगारावर, दुमजली घरांत तीन मुलांसह राहतो, आणि दाराशीं मोटारी आहेत. घर घेतांना बापानें मदत केली होती. स्वतःचें घर विकून पैसे देणाऱ्या त्या म्हाताऱ्याची रवानगी तीन आठवड्यांच्या आंत वृद्धाश्रमांत झाल्याचें १९९२ सालच्या भागांत सांगितलें आहे. १९८९ सालीं हें घर सामान्य, किंबहुना कांहींसें ओढगस्तीचें म्हणून दाखविलें होतें. ४ मे १९९७ च्या भागांत फ्रँक ग्राइम्स नांवाचा एक कष्टाळू गृहस्थ वीजकेंद्रांत नोकरीस लागतो. जन्मभर राबूनहि त्याची खोली गोलंदाजीच्या एका क्रीडागृहाच्या वर व दुसऱ्याच्या खालीं! होमरचें घर पाहून त्याचें डोकें फिरतें, आणि होमरच्या बेफिकिरीची नक्कल करतां करतां विजेच्या धक्क्यानें तो मरतो. प्रेक्षकांस त्या वेळीं हा विनोद फार कडू वाटला. २२ मे २०२२ च्या भागांत मात्र मालिकेनेंच बार्टला गाण्यांतून बजावून सांगितलें कीं, बापाच्या वाट्यास आलेलें हें जीवन तुझ्या वाट्यास येणार नाहीं. १९८९ सालीं ज्या राहणीची थट्टा केली, तीच तेहतीस वर्षांनीं हेवा करण्याजोगी ठरली. मध्यमवर्गाच्या पायाखालची जमीन कशी सरकत गेली, हें दाखविणारा याहून सोपा दाखला मिळणें कठीण.

दरम्यान मालिकेची स्वतःची स्थिति पालटली होती. १९९९ च्या अखेरीस 'टाइम' साप्ताहिकानें तिला शतकांतील सर्वोत्कृष्ट दूरचित्रवाणी-मालिका ठरविलें. २००० सालीं हॉलिवूडच्या कीर्तिपथावर तिचा तारा बसला. होमरचा चडफडाटाचा उद्गार २००१ सालीं ऑक्सफर्डच्या शब्दकोशांत गेला. २००७ सालच्या चित्रपटानें पन्नास कोटी डॉलरांहून अधिक पैसा मिळविला. २९ एप्रिल २०१८ रोजीं ६३६ वा भाग दाखवून तिनें 'गनस्मोक' या जुन्या मालिकेचा उच्चांक मोडला. २००० सालच्या एका भागांत ट्रंप हे राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्याचा ओझरता उल्लेख होता. २०१६ नंतर भोळ्या लोकांनीं तिला भविष्यवेत्तीहि बनविलें. शेंकडों भागांत हजारों थट्टा केल्या म्हणजे एखादी खरी ठरणारच, हें तारतम्य कोणी पाहिलें नाहीं.

आपण सत्ताधीश झालों आहों याची जाणीव लेखकांस नव्हती असें नाहीं. १० ऑक्टोबर २०१० च्या भागाचा आरंभ त्यांनीं बँक्सी या अज्ञात चित्रकाराकडून करवून घेतला. त्यांत अंधाऱ्या कारखान्यांत हींच चित्रें रंगविणारे आशियाई मजूर दाखविले होते. परंतु स्वतःला मारलेला चाबूक हळूच लागतो. मार्च २०१९ मध्यें मालिकेची मालकी डिस्ने कंपनीकडे गेली. २०२१ च्या नोव्हेंबरांत त्या कंपनीची चित्रसेवा हाँगकाँगमध्यें सुरू झाली, तेव्हां २००५ सालचा एक भाग तींत नव्हता. त्या भागांत हें कुटुंब चीनला जातें, आणि तिआनमेन चौकांत १९८९ सालीं येथें कांहींच घडलें नाहीं असें सांगणारी पाटी दिसते. राष्ट्राध्यक्षांस तीन दिवसांत उत्तर देणारी मालिका बाजारपेठेपुढें मुकाट्यानें आपलें एक पान फाडून बसली.

आतां आम्हां भारतीयांशीं प्रत्यक्ष संबंध असलेल्या प्रकरणाकडे येतों. २५ फेब्रुवारी १९९० च्या भागांत स्प्रिंगफील्डच्या दुकानांत अपू नांवाचा भारतीय दुकानदार प्रथम उभा राहिला. नांव सत्यजित राय यांच्या चित्रपटांतील. आडनांव मात्र कोणत्याहि भारतीय भाषेंत न सांपडणारें, नहासपीमापेटिलॉन असें अगडबंब. आवाज हँक अझेरिया या गोऱ्या अमेरिकन नटाचा. १९६८ सालच्या 'द पार्टी' या चित्रपटांत पीटर सेलर्स यांनीं केलेल्या भारतीयाच्या नकलेवरून आपण तो घेतला, असें त्यांनींच सांगितलें आहे. म्हणजे ती नकलेची नक्कल होती. अपू कष्टाळू, विद्वान, शाकाहारी, पण गिऱ्हाइकास शिळें अन्न विकणारा.

अपूला न्याय मिळालाच नाहीं असें म्हणणें खरें होणार नाहीं. लिसा व जेबडाया यांच्या भागानंतर अडीच महिन्यांनीं, ५ मे १९९६ रोजीं, परदेशांतून आलेल्यांविरुद्ध उठलेल्या लोकक्षोभावरचा भाग दाखविला गेला. १९९४ सालीं कॅलिफोर्नियांत अशाच एका ठरावावर मतदान झालें होतें, त्याची ही छाया. नागरिकत्वाच्या परीक्षेंत अपूला यादवी युद्धाचें कारण विचारतात. तो आर्थिक व सामाजिक कारणांची साधार मांडणी करूं लागतो, आणि परीक्षक कंटाळून म्हणतो, नुसतें गुलामगिरी म्हणून मोकळे व्हा! इतिहास शिकविणाऱ्या कोणासहि हंसूं यावें असाच तो प्रसंग आहे.

आम्हींहि हंसलों. त्याच वर्षीं उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही न्यू जर्सींत थोरल्या बहिणीकडे गेलों होतों, आणि हा भाग तेथें पुन्हां दाखविला गेला तेव्हां सगळें घर दिवाणखान्यांत बसलें होतें. अपूनें तोंड उघडतांच आमचा दहा वर्षांचा भाचा उठून आंत निघून गेला. आम्हांस वाटलें, त्याला झोंप आली असावी. दुसऱ्या दिवशीं बहिणीकडून कळलें कीं शाळेंत मुलें त्याला अपू म्हणतात. मधल्या सुट्टींत भोंवतीं जमून अपूच्या सुरांत गिऱ्हाइकाचे आभार मानतात. आम्हीं त्यास जवळ घेऊन, अरे, तो तर त्या गांवांतला सर्वांत शहाणा माणूस आहे, असें समजाविण्याचा प्रयत्न केला. तो कांहीं बोलला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं, मोठा झाल्यावर, तो म्हणाला, "मामा, तुम्ही सांगत होतां तें खरें होतें. पण आमच्या वर्गांतल्या मुलांनीं दुसरा भारतीय माणूस कधीं पाहिलाच नव्हता. पडद्यावर तो एकटा, आणि वर्गांत मी एकटा."

उपहासाच्या न्यायाचा सगळा विचार या दोन वाक्यांत आला आहे. होमर हास्यास्पद आहे, पण त्याच्या शेजारीं गोऱ्या अमेरिकनांचीं शेंकडों चित्रें आहेत. त्याच्यामुळें कोणी सर्वच अमेरिकन पित्यांस मूर्ख समजत नाहीं. बर्न्सच्या मागें पैसा आहे, बुशसाहेबांच्या मागें राष्ट्र होतें. अपूच्या मागें दुसरें चित्र नव्हतें.

न्यूयॉर्कमध्यें वाढलेले भारतीय वंशाचे विनोदी नट हरी कोंडाबोलू यांनीं नोव्हेंबर २०१७ मध्यें 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट काढून हेंच म्हणणें जगापुढें मांडलें. आपण या मालिकेचे भक्त आहों असें सांगूनच त्यांनीं तक्रार केली होती. मालिकेचें उत्तर ८ एप्रिल २०१८ रोजीं आलें. त्यांत लिसा प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणते कीं, दशकांपूर्वीं जें निरुपद्रवी म्हणून वाखाणलें गेलें तें आज अनुचित ठरतें, त्याला कोणी काय करावें! आणि शेजारीं अपूची तसबीर दिसते. दुर्बळांची बाजू घेणें हा जिचा स्वभाव, तिच्याच तोंडीं हें उत्तर घातलें याचें अनेकांस वाईट वाटलें. जेबडायाविषयीं ती गप्प राहिली तेव्हां समोरच्या माणसांविषयींची माया तिला गप्प बसवीत होती. येथें समोरचीं माणसें दिसलीच नाहींत. बार्बराबाईंना पत्र लिहितांना जें सौजन्य सुचलें होतें, तें कोंडाबोलूंस उत्तर देतांना सुचलें नाहीं.

अधिक बरा मार्ग दाखविला तो अझेरिया यांनींच. जानेवारी २०२० मध्यें त्यांनीं अपूचा आवाज सोडल्याचें जाहीर केलें. २०२१ सालीं त्यांनीं जाहीर माफी मागितली. आपल्या मुलाच्या शाळेंतील भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांशीं आपण बोललों; त्यांतील सतरा वर्षांच्या एकानें मालिका कधीं पाहिली नव्हती, तरी अपू या शब्दाचा डंख त्यास ठाऊक होता, असें त्यांनीं सांगितलें. जून २०२० मध्यें मालिकेनें गोऱ्या नटांकडून इतर वर्णांच्या पात्रांचे आवाज न काढण्याचें ठरविलें, आणि कांहीं पात्रांस नवे आवाज मिळालेहि. अपूला मात्र मिळाला नाहीं. तो गर्दींत कोठेंतरी उभा दिसतो, पण मुका. तक्रार अशी होती कीं त्याला त्याच्या स्वतःच्या आवाजांत बोलूं द्या. निकाल असा लागला कीं त्यानें बोलूंच नये. हा न्याय आम्हांस अपुरा वाटतो.

या सगळ्यावरून ही मालिका निंद्य ठरते असें मात्र कोणीं समजूं नये. तिनें सत्तेची भीति मोडली, संपाची व घराची कथा सांगितली, आणि इतिहासाविषयीं वर्गांत विचारण्याजोगा प्रश्न निर्माण केला. जो दोष तिच्यांत दिसला तो, हंसणाऱ्यानें आपण किती मोठे झालों हें न ओळखल्याचा दोष आहे. आणि त्या रात्रीं दिवाणखान्यांत मोठ्यानें हंसणाऱ्या आम्हांसहि तो लागू पडतो.

आमचा भाचा आतां स्वतः बाप झाला आहे. त्याची मुलगी आठ वर्षांची, म्हणजे लिसाच्याच वयाची असून ती ही मालिका आवडीनें पाहते. अपू कोण हें तिला ठाऊक नाहीं. हें ऐकून आम्हांस प्रथम बरें वाटलें. मग इतिहासाच्या अध्यापकाची खोड जागी झाली. आम्हीं भाच्यास सुचविलें कीं, ती थोडी मोठी झाली म्हणजे १९९६ सालचा तो भाग तिच्याबरोबर बसून पाहावा. यादवी युद्धाच्या प्रश्नावर तिला पोटभर हंसूं द्यावें, आणि नंतर आपण दहा वर्षांचे असतां खोलींतून कां उठून गेलों तेंहि सांगावें. तो म्हणाला, "मामा, तेव्हां तुम्हीही या. तुम्ही हंसलां होतां, तेंहि तिला कळूं द्या." आम्हीं येण्याचें कबूल केलें आहे.